कच्ची प्रत

बीप दोन वाजले की तीन, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, सहदेवराव. तीन असावेत. म्हणजे पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा तीन, आणि दुसऱ्या खेपेला एकच, लांबलचक — नाही, माझ्या आठवणीवर तुम्ही विसंबू नका, तुमच्या कानांनी ऐका. कॉम्प्युटरचा पडदा काळा, एवढं मात्र नक्की. आत पंखा फिरतो, पुढचा हिरवा दिवा लागतो, आणि पुढे काही नाही, एक अक्षर नाही. किती वेळा सुरू करून पाहिला? दोनतीनदा. बरं — अकरा वेळा. नको होतं करायला? नुकसान वाढतं? मला हे कोण सांगणार हो, मी इतिहासाचा प्राध्यापक, तोही रिटायर होऊन आठ वर्षं झालेला, मला वाटलं एखाद्या वेळी धरेल, स्कूटर नाही का धरत सातव्या-आठव्या किकला. धक्का ना, धक्का रिक्षात बसला असणार. कोपरहून इथपर्यंतचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे, मी मांडीवर धरून बसलो होतो, तरी त्या खड्ड्यांत — काय म्हणालात? अकरा वेळा बटण दाबलं ते रिक्षात बसायच्या आधी. हो. म्हणजे बंद आधीच पडलेला. बरोबर आहे तुमचं. चौतीस वर्षं मुलांना कालक्रम शिकवला मी, कारण आधी, परिणाम मागाहून, आणि तुम्ही हातातला स्क्रू ड्रायव्हरही खाली न ठेवता मला पकडलंत.

ते लाल? ते कुंकू आहे. जाळीत अडकलंय ती झेंडूची पाकळी, काढून टाका. परवा खंडेनवमी झाली ना, पूजेला ठेवला होता. हसू नका, तुम्हीही इथे पक्कड-बिक्कड मांडलीच असेल, ती बघा माळ अजून दारावर आहे. माझा स्वतःचा विश्वास नाही, पण आमच्याकडे प्रथा हिची — आधी शिवणयंत्र मांडायची, मग माझा टाइपरायटर, आणि हा घेतल्यापासून हा. पाटावर ठेवायचा, फूल वाहायचं, त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. दोन वर्षं झाली, तिला उठता येत नाही, तर मी मांडतो. आणि यंदा — यंदा मी तो चालू ठेवून उचलला. हो, चालू. पडद्यावर काहीतरी उघडलेलं होतं आणि ते मला तिच्या समोर न्यायचं होतं, तिच्या पलंगासमोर पाट मांडला होता. बंद करून नेला असता तर परत सगळं सुरू करा, शोधा, माझा हात पडला हळू, तेवढ्यात तिचा डोळा लागला असता. म्हणून पडदा आधी स्टुलावर ठेवला, मग ही पेटी उचलली, आणि मागची वायर अपुरी पडली. हिसका बसला, हात सुटला. गुडघ्याइतक्या उंचीवरून — फार नाही — पाटाच्या कडेवर पडली. आवाज मोठा झाला. ती बघत होती.

नाही, ती काही बोलली नाही. तिला बोलता येत नाही. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. डॉक्टर म्हणतात समजतं, आणि मलाही दिसतं ना. मालू तिचं नाव. आत्ता कलावतीबाई बसल्यात तिच्यापाशी, सहापर्यंत थांबतात, म्हणून मी मघापासून घड्याळाकडे बघतोय, तुम्हाला घाई करायची म्हणून नव्हे.

हा खोडरबर कशाला? त्या मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात पुसायचे? शाळेतला साधा खोडरबर, अन् त्याने हे सुरू होतं म्हणता. करा, करा, मी मध्ये बोलत नाही. — आत काय आहे विचाराल तर सांगतो. तिचं कथन आहे. झटक्याच्या आधी, पंच्याण्णव साली, रोज दुपारी चहानंतर ती सांगायची आणि मी टाइप करायचो. कल्पना माझीच. म्हटलं, जन्मभर मिठागरवाल्यांचा नि कोळ्यांचा इतिहास लिहिला, घरातल्या माणसाचा कधी विचारला नाही. तिचं बालपण दिवा गावातलं, माझे सासरे रेल्वेत होते तिकडे. तेव्हाचं दिवा म्हणजे आत्ताचं नव्हे, चारी बाजूंना खाजण आणि रात्री स्टेशनातल्या दिव्याखाली बसून ही आणि तिचा भाऊ परशुराम परवचा म्हणायचे. फार छान सांगायची. गोदूबाई म्हणून कोणी मासळीवाली होती, ती हिच्या आईला मासळी नको म्हटलं की म्हणायची, "घेऊ नका वैनी, पण वास तरी घ्या, तो फुकट हाय." अशी पन्नास-साठ पानं. आज तिचा आवाज म्हणून घरात तेवढंच आहे.

आला की. पडदा आला. थांबा, हात लावू नका — आकडे मोजतोय, नेहमी असेच मोजायचा तो. सहदेवराव, तुमच्या त्या खोडरबराला मी — हो, थांबतो. थांबतो. हा आवाज कसला? टक्. टक्. हा नव्हता कधी. काय लिहिलंय तिथे, माझा चष्मा — डिस्क सापडत नाही म्हणतोय? आहे ना डिस्क, ती काय तिथे आत बसवलेली आहे, मला इथून दिसतेय. वायर बदलून बघता? बघा. दुसरी वायर लावा, नवी लावा. — तसंच? टक् टक् तसंच.

फ्लॉपीवर आहे, तुम्ही म्हणण्याआधीच सांगतो. मी काही अगदीच बेसावध नाही. दोन फ्लॉप्या आहेत, छापील कागदही आहेत, बांधून घेतलेत. मग कशासाठी एवढा जीव टाकतोय, असं तुमच्या मनात आलं असेल. फ्लॉपीवर शुद्ध प्रत आहे. म्हणजे मी सुधारलेली. ती सांगायची ते आधी जसंच्या तसं टाइप करायचो, ती कच्ची प्रत, आणि मग रात्री बसून नीट करायचो — सनावळी घालायची, गावांची नावं तपासायची, संशोधकाची सवय. कच्ची प्रत फक्त या डिस्कमध्ये. तिची कॉपी काढावी असं मला कधी वाटलंच नाही. कच्चं कोण जपून ठेवतं हो.

आणि बहुतेक ठिकाणी फरक काहीच नाही. एका ठिकाणी आहे.

आमची पहिली मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ही दिव्याला होती, तिथून ठाण्याला हॉस्पिटलात आणलं. मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. त्याबद्दल हिने जे सांगितलं त्यात असं होतं, की हे त्या वेळी आले नव्हते. हे म्हणजे मी. शब्द नेमके असे नव्हते, काहीतरी वेगळे होते, साधे होते, ते मला आठवत नाहीत आणि तीच तर माझी — ते मी पुढे सांगतो. मी टाइप करता करता थांबलो. म्हटलं, मालू, मी होतो. मी तिला हातात घेतलं होतं, तिने माझं बोट धरलं होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती म्हणाली, "अहो, नव्हता तुम्ही. परशुरामाने केलं सगळं." मी म्हटलं, याला पुरावा काय? बायकोला, सहदेवराव. पुरावा काय, असं विचारलं मी. परशुराम जाऊन वीस वर्षं झालेली, विचारायचं कोणाला? मग मी तिला समजावलं, की इतक्या वर्षांनी स्मृतिदोष होतो, मोठमोठ्यांना होतो, आणि शुद्ध प्रतीत लिहिलं, "त्या वेळी हे माझ्याजवळच होते." पुढे तारीख घातली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं, मग आता पुढचं तुम्हीच लिहा. रागाने नव्हे हो, चहाचा कप उचलत म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी यंत्र सुरू करून बसलो, ती आली नाही. त्यानंतर एक ओळ सांगितली नाही तिने. आठ महिन्यांनी वाचाच गेली.

आणि मी काय करत होतो, तर संध्याकाळी तिला हेच वाचून दाखवत होतो, बांधलेलं पुस्तक, पहिल्यापासून. गोदूबाईला ती हसते, डाव्या बाजूने हसते. आणि त्या पानाशी आलो की डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, दुःख होतं, साहजिक आहे. दोन वर्षं असं वाटत होतं मला.

म्हणून परवा कच्ची फाईल उघडली होती. मी स्वतः वाचली नाही, धीर झाला नाही, म्हटलं तिच्यासमोर ठेवू आणि दोघं मिळून वाचू. तिची ओळ तिला परत द्यायची, एवढंच मनात होतं. आता ती ओळ मी मनाने लिहायला बसलो तर पुन्हा माझीच होणार ना ती. कालपासून तीन प्रकारे लिहून बघितली. तिन्ही माझ्या वर्गातल्या भाषेत येतात. "अनुपस्थित" असा शब्द आला एकदा. ती जन्मात कधी अनुपस्थित म्हणाली नसेल.

डिस्क कानाशी धरून काय ऐकताय? सांगा, मी ऐकून घेईन. चालू असताना पडला म्हणून आतली सुई तबकडीवर घासली — हं. आणि मग माझ्या अकरा वेळांनी आणखी. कोणी काढून देऊ शकतं का? मुंबईत, बंगलोरला, कुठेही? मी जाईन. एकच ओळ हवी आहे, बाकी सगळं गेलं तरी चालेल. नाही. तुम्ही खोटी आशा दाखवत नाही, हे चांगलं आहे. नाही, चांगलं आहे.

तोंडी? तोंडी सांगायचं तिला, की तुझंच खरं होतं. सोपं आहे हो. काल बसलो होतो तिच्यापाशी, अर्धा तास. म्हटलं, मालू — आणि पुढे औषधाची वेळ विचारली. जन्मभर मी कागद समोर असल्याशिवाय काही कबूल केलेलं नाही, कोणाकडेच नाही, कागद दाखवला की मग मला बोलता येतं.

ते झाकण लावून द्या. डिस्क बाहेर राहू दे, ती मी खिशात ठेवतो. रिक्षा मी बघतो, तुम्ही उठू नका, तुमचं गिऱ्हाईक मघापासून ताटकळलंय.

मला कळलं कसं, की तिचं खरं होतं म्हणून? पुरावा मिळाला. गेल्या महिन्यात माळ्यावरची खोकी काढली, माझी जुनी टिपणं कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायची म्हणून. मिठावरच्या कराची टिपणं, पुण्याच्या दफ्तरखान्यात दिवसदिवस बसून केलेली, कार्डांवर. प्रत्येक कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. पुणे, तेरा फेब्रुवारी बासष्ट. पुणे, चौदा फेब्रुवारी. पुणे, पंधरा फेब्रुवारी. तेराला मुलगी झाली, चौदाला गेली. पंधराची सत्तावीस कार्डं आहेत, आणि अक्षर सुबक आहे.