छंदाचा रकाना

शहाण्णवचा एप्रिल. दिल्लीत करोल बागेच्या बसस्टॉपवर मागून मराठी ऐकू आलं, तेव्हा इंदुमतीबाईंनी आपली लक्ष्मीबाई नगरची बस खुशाल जाऊ दिली. दोन मुलं होती. एकाची उद्या यूपीएससीची मुलाखत होती आणि दुसरा साहेब होऊन त्याला प्रश्न विचारत होता.

“छंद काय, मिस्टर धीरज?”

“जुना जपानी सिनेमा, सर. त्यातही एक पटकथालेखक.”

“हे कुठून काढलंस?”

“खरं सांगू, हणमंता? फॉर्म भरताना वाटलं, यावर कोण काय विचारणार. मग तयारी म्हणून सिनेमे बघायला गेलो, आणि जातच राहिलो.”

“मला नको, सरांना सांग. कोण हा लेखक?”

“रेल्वेत कारकून होता, सर. जेवणाच्या सुट्टीत लिहायचा. पस्तिसाव्या वर्षी पहिली पटकथा विकली गेली. पुढे चाळीस सिनेमे लिहिले.”

“आणि नोकरी?”

“दुसऱ्याच दिवशी सोडली.”

“यार, हे उद्या बोलू नकोस. पुढचा प्रश्न काय येईल, कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग दे उत्तर. तुम्हीही सोडाल का?”

“नाही, सर.”

“खाली बघून नाही. माझ्याकडे बघून सांग.”

“हणमंता, आपली बस आली.”

“ती नोएडाची आहे, लेका.”