भर ज्येष्ठातलं जहाज

"हे तुम्हालाच काय, देवालासुद्धा खरं वाटणार नाही, जयंतीताई!"

उइटहॉर्न या डच गावाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसलेली ऋता आवाज ओळखून दचकली. दामोदरकाकांची हीच हकिकत म्हणजे तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं, आणि प्रबंध आज पाचच्या आत विद्यापीठात द्यायचा होता.

"आधी सांगा तरी."

"माझे खापरपणजोबा. काळ्या पाण्याची शिक्षा! साठ कैदी शिडाच्या जहाजाने मुंबईहून सिंगापूरला निघाले."

"बेड्या घालून?"

"पायात बेड्या, कपाळावर गोंदण. सिंगापूर दिसायला लागलं, आणि यांनी कप्तानालाच बेड्या ठोकल्या!"

साठ कैदी, कपाळावर गोंदण. ऋताने छापील पानावरून बोट फिरवलं. सगळं तसंच होतं. तिचा जीव जरा भांड्यात पडला.

"अगंबाई! मग?"

"मग काय! खापरपणजोबांनी सुकाणू धरलं, सगळी शिडं उभारली आणि अकरा दिवसांत जहाज थेट दाभोळला!"

"कुठल्या महिन्यात आलं?"

"ज्येष्ठात. वटपौर्णिमेला! खापरपणजी वडाला सूत गुंडाळतेय, आणि समोर नवरा उभा!"

ऋताचं बोट 'जून' या शब्दावर थांबलं. खाली काकांचा हवाला देणारी तळटीपही होती.

"दामोदरभाऊ, मी दाभोळच्या तांडेलाची मुलगी. ज्येष्ठात वारा पश्चिमेकडून सुटतो, आमच्या होड्या तेव्हा किनाऱ्यावर उपड्या असतात. आणि तुमचं जहाज समोरच्या वाऱ्यात शिडं उभारून अकरा दिवसांत आलं? थाप आहे ही, भाऊ. चक्क थाप!"