राहीचं शेवटचं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय रावजीनाना शितप, दापोलीहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे प्राचार्य महोदय, आपल्या वाचनालयाचे संचालक, सत्कारमूर्ती श्रीमती मथुराबाई साळवी आणि समोर बसलेल्या वाचक बंधुभगिनींनो, नमस्कार. मागच्या रांगेत अजून गप्पा चालू आहेत. त्या मंडळींनाही नमस्कार. आता थांबा.

मानपत्रात आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल मथुराबाईंना 'शांत आणि मृदुभाषी' म्हटलं आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी पुस्तक कधी उशिरा परत केलेलं दिसत नाही. मी मानपत्राच्या वाटेला जात नाही. कार्यवाह म्हणून एकच हकिकत सांगते. ती अध्यक्षांवरची आहे, म्हणून सकाळीच त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "सांगा बाई. या वयात अब्रू जाऊन जाऊन जाणार किती?"

'बंदरावरची राही' ही जुनी कादंबरी इथे कुणाला ठाऊक नाही? दाभोळ बंदरात राहीचा नवरा गलबतावर चढतो आणि राही त्याची वाट बघते. आपल्या आयांनी ती वाचली, डोळे पुसले आणि आपल्या हातात दिली. मूळ लेखक केव्हाच वारले. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका तरुण लेखिकेनं तिचा पुढचा भाग लिहिला, 'राही, पुढे'. मथुराबाईंनी एक प्रत आणली, आणि आठवडी बाजारात मासळीपेक्षा राहीचाच भाव वाढला.

एक म्हणाले, राही म्हणे दुसरं लग्न करते. दुसरे म्हणाले, छे, ती मुंबईला जाऊन नाटकात काम करते. एका काकूंनी तर ती विडी ओढते असं छातीठोक सांगितलं. पुस्तक वाचलेल्या आम्ही दोघीच, मथुराबाई आणि मी. आम्हाला कुणी विचारलं नाही.

सर्वांत पुढे होते आपले नाना. त्यांनी ते पुस्तक एकदा हातात घेतलं. मुखपृष्ठावर राही हसत होती. "आमची राही हसते?" म्हणाले आणि मुखपृष्ठ आतल्या नावाच्या पानासकट टर्रकन फाडलं. मी विचारलं, "नाना, आत वाचलंत का?" तर म्हणाले, "वाचायचं कशाला? नाव वाचलं तेवढं पुरे." मग त्यांनी नोटीस दिली : वार्षिक सभेत पुस्तक बाहेर काढण्याचा ठराव करा, आणि असली पुस्तकं आणणाऱ्या बाईंनाही. नाही तर निम्मे सभासद नाव काढून घेतील. मथुराबाईंचं घर याच नोकरीवर चालत होतं, हे इथे सगळ्यांना माहीत होतं. तरी सह्या झाल्या.

आता आपली पद्धत अशी, की पावसाळ्याच्या आधी फाटकी पुस्तकं बांधायला जातात. भिकू बाइंडर ती गोणीत भरून नेतो. त्या गोणीत जुनी राही होती, पुठ्ठा गेलेली, शेवटचं पान गळालेली. आणि नवी राही होती, नानांच्या हातून सुटलेली. भिकूनं दोन्हीकडे राही पाहिली. त्याला वाटलं, एकच पुस्तक फुटलंय. त्यानं दोन्ही एका पुठ्ठ्यात शिवली आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत घातलं, 'बंदरावरची राही'.

मी म्हटलं, परत पाठवा. मथुराबाई म्हणाल्या, "राहू दे हो बाई. पावसात कुठे पाठवता?"

आषाढात नाना आले. सभेत वाचून दाखवायला त्यांना जुनी कादंबरी हवी होती. तरुणपणी वाचलेली, आता उजळणी करायची होती. मथुराबाईंनी ते जाडजूड पुस्तक मुकाट्यानं दिलं.

सभेत नाना उठले, पुस्तक उंच धरलं. "ऐका! याला म्हणतात कादंबरी! राही वाट बघून थकते आणि उठून स्वतःचा मचवा घेते, नारळ भरून खाडीत शिरते. तिथे मी दोनदा चष्मा पुसला. पूर्वी घाईत वाचलं असणार, एवढं लक्षातच नव्हतं. यावर कुणी आणखी काय लिहायचं?"

मथुराबाई जागेवरून म्हणाल्या, "नाना, तेच ते."

"कुठलं ते?"

"तुम्ही ज्याचं मुखपृष्ठ फाडलंत ते."

सभेत असा हशा पिकला की ठराव कुणाला ऐकूच आला नाही. नाना खाली बसले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. "ठराव मागे. आणि आणखी पुढचा भाग आला तर पहिला नंबर माझा." टाळ्या तेव्हा वाजवल्यात, आता पुन्हा नकोत.

पण जुन्या राहीचं शेवटचं पान गळालेलंच राहिलं. राही धक्क्यावर येते, आणि लगेच नव्या राहीचं पान सुरू. वाचक टेबलाशी येऊन विचारतात, "बाई, इथे काय होतं?" मथुराबाई चष्मा काढून सांगतात. मी आतल्या खोलीत बसते, मला सगळं ऐकू येतं. गिरण्यांच्या संपात सुंदराबाईंच्या यजमानांची मुंबईहून खबर येईना, तेव्हा त्यांना सांगितलं, "राहीनं समुद्राकडे पाठ केली, घरी येऊन चूल पेटवली आणि पोटभर जेवली." एका नव्या नवरीला सांगितलं, "राहीला लांबवर शीड दिसलं." नानांना सांगितलं, "तिथे राही हसली." नाना म्हणाले, "मग ते मुखपृष्ठ बरोबर होतं म्हणायचं."

गेल्या दिवाळीत मला मुरुडला एका घरी अखंड प्रत मिळाली. मी ते पान उतरवून आणलं आणि फळ्यावर सूचना लावली : खरं पान ज्यांना वाचायचं असेल त्यांनी कार्यवाहांना भेटावं. आजतागायत कुणी भेटलेलं नाही.

आज दारातच सुंदराबाईंनी मला अडवलं. "बाई, आता शेवटचं पान कोण सांगणार?" मंडळानं ठराव केला आहे, की निवृत्तीनंतरही मथुराबाईंनी दर शनिवारी टेबलाशी यावं, या एका पुस्तकासाठी. सूचक रावजीनाना. मथुराबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही.

पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि भिकूचे आभार. माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर सवयीचा दोष समजून सोडून द्या.

मथुराबाई, उत्तराचं भाषण लहान केलंत तरी चालेल. तेवढं 'हो' म्हणा. येत्या शनिवारी टेबलाशी पहिली मी असेन. खरं पान मी वाचलं आहे, तरी विचारायचं आहे : बाई, इथे काय होतं?