पडवीतलं ऊन

धुळीचं काय सांगता, आमच्या आचऱ्याच्या बाबलमामाने काय केलं ते ऐका. दोन हजार चार साल असेल. मामाची मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार होती, म्हणून मामा मागच्या पडवीत फणसाच्या लाकडाचा पाळणा करत होता. लाकूड घासायला नवं सँडर मशीन घेतलेलं. ते सुरू झालं की धूळ पार स्वयंपाकघरात, पेजेच्या टोपापर्यंत जायची. आणि मुलीला तर दमा!

मामी नाकाला पदर लावून कडाडली, "नातवाक पाळणो व्हयो, पण माझ्या चेडवाक श्वास नको?"

मामाने माळ्यावरचा जुना व्हॅक्युम क्लीनर काढला आणि सायकलची ट्यूब कापून त्याची नळी सँडरला घट्ट जोडली. मी तिथेच होतो. आधी त्याने नुसता सँडर चालवला. छपरातल्या काचेच्या कौलातून येणारं ऊन धुळीने भरून जाडजूड खांबासारखं उभं राहिलं. मग त्याने व्हॅक्युम लावला. सँडर चालूच होता, पण तो खांब विरळ होत गेला आणि बघता बघता दिसेनासा झाला.

मामी दारातच थबकली. "ओ, ऊन खंय गेला?"

"ऊन थंयच आसा गो," मामाने जमिनीवरचा कवडसा दाखवला. "धूळ गेली."

मामीने पदर सोडला, छाती भरून श्वास घेतला आणि हळूच म्हणाली, "ती नळी काढा नि परत लावा. माका आजून एकदा बघूचा आसा."