वारुळातली मूर्ती

अगाता : हात लावू नकोस तिला. मीच उकरून काढलीय, मीच धुणार.

बोनिफास : वहिनी, धुऊ नका. तीन महिने वारुळात पुरली तेव्हा कुठं असा जुनाट रंग चढलाय. दुपारी गिऱ्हाईक येतंय.

अगाता : तुझ्या भावाची शेवटची मूर्ती आहे ही. आणि बुडाशी त्याचं, दामियानोचं, नाव होतं, ते कुठं गेलं?

बोनिफास : तासलं.

अगाता : तासलं. भाजी चिरली म्हणावं तसं सांगतोयस.

बोनिफास : मग काय करू? नाव दिसलं की गिऱ्हाइकं म्हणतात, ही बाजारासाठी केलेली. त्यांना वाडवडिलांची हवी. जुनी, बिननावाची.

अगाता : वाडवडिलांची? हा गाल बघ. तिसरी रेघ वाकडी. गोंदणाऱ्या म्हातारीचा हात घसरला होता. आता माझा गाल बघ. मी अजून जिवंत आहे, बोनिफास, आणि तू मला कुणाची तरी खापरपणजी करून विकतोयस.

बोनिफास : आपली परंपराच आहे ना ती...

अगाता : परंपरा तू मला शिकवू नकोस. दामियानोनं स्वप्नातली भुतं कोरली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? "हे आपल्या माकोंदे जमातीचं कोरीवकाम नव्हेच," म्हणालास. आज तीच भुतं पिढीजात म्हणून विकतोस. आणि तुझे आजोबा काय बिननावाचे होते? त्यांचा मुखवटा नाचात आला की अख्खा गाव म्हणायचा, हा त्यांच्या हातचा.

बोनिफास : माझ्या हातचं कोण ओळखतं? वीस वर्षं लाकडावर वाकस चालवतोय. माझं नाव एकदा तरी कुणी विचारलं?

अगाता : म्हणून त्याचं पुसलंस?

(बोनिफास हत्यारं गोळा करू लागतो.)

अगाता : ती बारीक पटाशी दे.

बोनिफास : आपल्यात बायका हत्याराला हात लावत नाहीत.

अगाता : आणि भावाचं काम वारुळात पुरतात वाटतं आपल्यात?

बोनिफास : लाकूड लोखंडासारखं आहे, वहिनी. हात फोडून घ्याल. आणि तुम्हाला लिहिता कुठं येतं?

अगाता : त्यानंच शिकवलेलं. त्याचं तेवढं एक नाव येतं. आडवी धर तिला.