पॉलिशचा अर्धा डबा

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपणा सर्वांचे भिंगसाहेब, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, लिलावगृहातील सर्व सहकारी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी जे बोलले, त्यांनी या संस्थेत वस्तूंच्या किमती वाढवल्या. मी एका वस्तूची किंमत चौथ्या हिश्शावर आणली. तेवढ्याच अधिकारावर मला इथे उभं केलेलं आहे.

मी निवृत्त परिचारिका. आयुष्यभर स्टीलचे ट्रे लखलखीत ठेवले. अशा बाईकडे वडिलांच्या मागे त्यांचं जुनं लष्करी पिस्तूल आलं, तर ती काय करील? घासलं! दर रविवारी, पॉलिश लावून, सहा वर्षं. (त्याची नळी केव्हाच बुजवलेली आहे. मागच्या रांगेने निश्चिंत असावं.)

आमचे बाबा युद्धात मोटारसायकलवरून निरोप पोचवायचे. पुढे लष्कराने जुनी हत्यारं विकायला काढली, तेव्हा त्या ढिगातून त्यांनी नेमकं आपलंच पिस्तूल शोधून काढलं, असं ते सांगत. बाबा गेले त्याच आठवड्यात दादा म्हणाला, "अगं, हजारांतून स्वतःचंच सापडलं? बाबांना गप्पा रंगवायची सवय होती. हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे."

मी म्हटलं, "बाबांना खोटं पाडतोस? यापुढे तुझं तोंड बघणार नाही."

आणि शब्दाला जागले हो! सहा वर्षं.

शेवटी ठरवलं, जाणकाराकडून लिहून घ्यायचं आणि तो कागद दादाच्या दारात नेऊन टाकायचा. म्हणून मी साहेबांच्या टेबलाशी आले. त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि पिस्तूल दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. मग विचारलं, "ताई, हे कोण घासतं?"

"मीच!" मी अभिमानाने म्हटलं.

"डावखुऱ्या आहात?"

मी थक्क. म्हणाले, "एकाच बाजूला जास्त झिजलंय. कारखान्याचा छाप इथे असतो. तपासनिसाचा शिक्का इथे. हा पुसट खळगा दिसतोय ना, तेवढाच त्यातला उरलाय. वरचा मूळचा निळसर रंगही गेला."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात, तो आवाज. मला चांगला ओळखीचा.

"किंमत गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "हे बाबांचं होतं का, तेवढं सांगा."

"त्यासाठी आतला नंबर बघावा लागेल. आणि तो ताडून बघायला लष्कराचा काही कागद?"

कागद होता. बाबांचं वेतनपुस्तक, त्यात त्यांना दिलेल्या पिस्तुलाचा नंबर. पण ते होतं दादाकडे.

"बोलवा त्यांना."

"आम्ही बोलत नाही."

"मग मी बोलतो," म्हणाले, आणि फोन उचलला.

दादा आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. साहेबांनी पुस्तक मिटलेलंच ठेवायला सांगितलं. "आधी आकडा वाचला की डोळ्याला तोच दिसायला लागतो." मुठीच्या लाकडी पट्ट्यांचे स्क्रू गंजून बसले होते. साहेबांनी त्यांत तेल सोडलं आणि अर्धा तास नुसते थांबले. जोर केला तर लाकूड तडकतं म्हणे. त्या अर्ध्या तासात दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "गुडघा कसा आहे?"

"आहे तिथेच आहे."

सहा वर्षांतलं आमचं हे पहिलं संभाषण!

पट्ट्या निघाल्या. आत माझं पॉलिश पोचलं नव्हतं. साहेबांनी तिथला नंबर चिठ्ठीवर लिहून ती पालथी ठेवली. मग पिस्तूल खोललं, नळीच्या खालचा नंबर दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिला, तीही पालथी.

"आता वाचा."

दादाने पुस्तक उघडलं. "चार... सात... एक... नऊ."

साहेबांनी पहिली चिठ्ठी उलटली. चार, सात, एक, नऊ. दादाने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. मी काय काय सुनावायचं ते सहा वर्षं पाठ करून ठेवलं होतं. तोंड उघडणार, तोच साहेबांनी दुसरी चिठ्ठी उलटली. नंबर निराळा!

"सांगाडा वडिलांच्या पिस्तुलाचा. नळी दुसऱ्याची. दुरुस्तीत बदललेली असणार."

दादा उसळून म्हणाला, "बघ! म्हणजे अर्धं माझंही खरं!"

"नळीपुरतंच," मी म्हटलं.

"भांडण बाहेर जाऊन करा," साहेब म्हणाले. "इथे नोंद चालली आहे."

नोंदीत त्यांनी लिहिलं: सांगाडा मूळ, नळी बदललेली, बाहेरचे छाप नष्ट. कारणाच्या रकान्याशी जरा थबकले आणि लिहिलं, 'नियमित निगा'. सांगा, एवढी सभ्यता कुठे बघायला मिळते?

मित्रहो, मी पुष्कळदा विचार करते. साहेबांनी ती दुसरी चिठ्ठी उलटलीच नसती, तर काय झालं असतं? मी जिंकले असते, आणि दादा मान खाली घालून आपल्या घरी गेला असता. त्या चिठ्ठीमुळे तो वाद घालत घालत माझ्याबरोबर चहाला आला. आता पिस्तूल सहा महिने त्याच्याकडे असतं, सहा महिने माझ्याकडे. वाद अजून मिटलेला नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मला घड्याळ दाखवतोय.

साहेब, इतरांनी तुम्हाला सुंदर भेटी दिल्या. मी हा पॉलिशचा डबा आणलाय. अर्धा भरलेला आहे. त्या दिवसापासून याचं झाकण उघडलेलं नाही. आज हत्यार तुमच्याकडे जमा करते.

मला बोलावल्याबद्दल आयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला जरा जास्तच घासलं गेलं असेल, तर कृपा करून तेही 'नियमित निगा' म्हणून नोंदवा आणि मला क्षमा करा.