कॉफीचा वास

मला चहाच द्या, कॉफी नको. का ते ऐका. हसनाबादला माझ्या मित्राची, शेषरावची, आई दोन दिवस ओकत होती आणि हा तिला होमिओपॅथीच्या गोड गोळ्या देत होता. मी भडकलो, "अरे, जालन्याला ने, सलाईन लाव!"

"औषध लागू पडून राह्यलंय भाऊ. आधी उलट्या वाढतात, डॉक्टर म्हणले."

"अन् लघवी?"

"कालपासून न्हाई."

मी गाडी बोलावली. तोवर त्याच्या बायकोनं पाहुणा म्हणून मला कॉफी दिली. म्हातारी वाटेतच गेली.

दहाव्याला शेषराव सगळ्यांदेखत म्हणाला, "डॉक्टरनं बजावल्तं, कॉफीच्या वासानं गोळ्यांचा गुण जातो. भाऊ, तुम्ही आले नसते तर माय वाचली असती."